आकाश सगळ्यांचं, पण गच्चीची किल्ली कुणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून इथे पोटगी, रेशन, सातबाऱ्यावरचं बाईचं नाव, कामाच्या ठिकाणची तक्रार समिती अशा विषयांवर बोलणं झालं. त्यानंतर मी रेडिओवर बोलायला उभी आहे. काही जणींना वाटेल, हे काय मध्येच? आधीच सांगते, मी तंत्रज्ञ नाही. एका कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि उरलेला वेळ सल्ला केंद्रावर काढला. फ्यूज बदलण्यापलीकडे विजेच्या वस्तूला माझा हात लागला नव्हता. पण आम्ही सहा जणींनी मिळून पुण्यात एका सार्वजनिक कार्यशाळेच्या गच्चीवर उपग्रहांचे संदेश घेणारं छोटं रेडिओ केंद्र उभं केलं. ते कसं केलं आणि करताना कशाकशाशी झगडावं लागलं, ते सांगते. त्यातलं निम्मं तंत्र आहे, निम्मं आपल्या रोजच्या ओळखीचं.

आधी आमच्या घरातल्या रेडिओबद्दल. मी लहान असताना रेडिओला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. परवाना वडिलांच्या नावावर. रेडिओ बाहेरच्या खोलीत, उंच फळीवर. बटण फिरवायचं ते वडिलांनी, नाहीतर मोठ्या भावाने. आई दिवसभर ऐकायची, पण स्वयंपाकघरातून, जे लागेल ते. दुपारी वडील घरी नसताना 'वनिता मंडळ' लागायचं, तेव्हा ती स्टुलावर चढून रेडिओ लावायची आणि कार्यक्रम संपला की काटा होता तिथे परत आणून ठेवायची. ऐंशीच्या दशकात तो परवाना रद्द झाला. आईची काटा जागेवर ठेवायची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की, ऐकायचं काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. काय ऐकायचं हे ठरवणारा काटा मात्र आपल्या हातात नव्हता.

आता त्या कार्यशाळेत मी कशी पोचले ते सांगते. रेडिओसाठी मुळीच नाही. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक बाई आली. तिला विचारूनच सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती फोनवर कोणाशी काय बोलली, कुठे गेली, हे सगळं नवऱ्याला कळायचं. आईजवळ फोनवर रडली, तर रात्री तो तिला तेच शब्द ऐकवायचा. मारहाण नव्हती. पण स्वतःच्या आईशी मोकळं बोलता येत नाही, यापेक्षा बाईला आणखी किती कोंडायचं? तिच्या फोनमध्ये काहीतरी टाकलेलं असणार हे आमच्या लक्षात आलं, पण ते शोधणार कोण? फोन दुरुस्तीचं दुकान नवऱ्याच्या मित्राचं. तेव्हा एका मैत्रिणीच्या मुलीने सुचवलं, आपण हॅकरस्पेसमध्ये जाऊ.

हॅकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बँकेतले पैसे चोरणारा येतो. हा शब्द मूळचा तसा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी यंत्र उघडून, समजून घेऊन, त्याच्याकडून नवं काही करवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हॅकर म्हणू लागले. अशा लोकांनी वर्गणी काढून चालवलेली सामाईक कार्यशाळा म्हणजे हॅकरस्पेस. बर्लिनमध्ये सी-बेस ही जागा १९९५ साली सुरू झाली, सॅन फ्रान्सिस्कोत नॉइजब्रिज २००७ मध्ये. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत २०१३ साली बायकांनी डबल युनियन नावाची स्वतःची वेगळी जागा काढली. 'सर्वांसाठी खुली' असं दारावर लिहिलेल्या ठिकाणीही आपल्याला बिचकत वावरावं लागतं, असा तिथल्या बायकांचा अनुभव होता. हे मला नंतर कळलं. पण पुण्यातल्या त्या जागेत पहिल्या दिवशी पाऊल टाकलं तेव्हाच मला त्याचा अंदाज आला.

जागा म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. टेबलांवर सोल्डरिंगची हत्यारं, उघडे संगणक, तारांची भेंडोळी. पंधराएक तरुण मुलगे, दोन मुली. सगळे सालस, मदतीला तयार. त्यांनी त्या बाईचा फोन तपासला. तिचं बोलणं दुसरीकडे पोचवणारं एक ॲप त्यात लपवलेलं होतं. काढून टाकण्याआधी पुरावा म्हणून त्याच्या नोंदी कशा जपायच्या तेही त्यांनी दाखवलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण दुसऱ्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा एकाने अगदी आदराने विचारलं, "काकू, चहा तुम्ही टाकता का? आमचा नेहमी बिघडतो." मीही उठून टाकला. गॅसपाशी उभी राहिल्यावर लक्षात आलं की, या सार्वजनिक जागेतही माझी जागा दोन मिनिटांत ठरून गेली.

तिथल्या दोन मुलींपैकी एक इंजिनीअर. तिने मला त्या दिवशी रेडिओ दाखवला. रेडिओ म्हणजे पेन ड्राइव्हएवढी एक डबी, एका टोकाला अँटेनाची तार, दुसरं टोक संगणकात. याला म्हणतात सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. मला समजलं तसं सांगते.

आपल्या जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा भाग असायचा. हवेतल्या शेकडो लहरींतून एक निवडायला एक, तिच्यातून आवाज वेगळा करायला दुसरा. भाग ठरलेले, म्हणून रेडिओचं कामही ठरलेलं. या नव्या प्रकारात डबी फारसं काही करत नाही. आपण सांगू त्या पट्ट्यातल्या लहरी ती दर सेकंदाला चोवीस लाख वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाकडे पाठवते. निवडणं, गाळणं, अर्थ लावणं हे पुढचं सगळं संगणकातला प्रोग्राम करतो. प्रोग्राम बदलला की तीच डबी कधी एफएम रेडिओ होते, कधी विमानांनी स्वतः जाहीर केलेली जागा नकाशावर दाखवते, कधी उपग्रहाचं चित्र उतरवते.

ही डबी मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवली होती. तिच्यातल्या चिपकडून असे कच्चे आकडे थेट मिळवता येतात, हे २०१२ साली फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या आणि इतर काही जणांच्या लक्षात आलं. त्यांनी ते सगळ्यांना सांगून टाकलं, आणि लागणारे प्रोग्राम लोकांनी लिहून फुकट खुले केले. त्याआधी असं यंत्र प्रयोगशाळेत किंवा लष्करात असायचं. आम्हाला डबी साडेतीन हजारांना पडली. बरी साडी येते तेवढ्यात.

त्या मुलीने संगणकावर विविध भारती लावलं. १०१ च्या जागी पडद्यावर एक जाड, पिवळा पट्टा वरून खाली वाहत होता. आजूबाजूला दुसऱ्या स्टेशनांचे पट्टे, मध्ये निळा अंधार. ती म्हणाली, "ताई, माउस तुम्ही धरा." मी काटा सरकवला. आवाज बदलला. या वयात हे सांगायला संकोच वाटतो, पण मला तेव्हा आईचं स्टूल आठवलं.

आम्ही सहा जणींनी ठरवलं की, उपग्रहाचं चित्र उतरवायचं केंद्र आपण इथे बसवू. हवामानाचंच चित्र का? त्याला कारण होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा श्रीवर्धनच्या बाजूच्या आमच्या मैत्रिणींशी कितीतरी दिवस संपर्क नव्हता. वीज नाही, मोबाइलचे मनोरे बंद. सगळी माहिती फोनच्या एकाच धाग्याला बांधली की धागा तुटल्यावर काय होतं, ते आम्ही पाहिलं. उपग्रह मात्र मनोऱ्यावर अवलंबून नसतो. तो डोक्यावरून जाताना चित्र थेट खाली पाठवतो. ज्याच्याकडे अँटेना, डबी आणि चार्ज केलेला लॅपटॉप आहे त्याला ते मिळतं. इंटरनेट लागत नाही. आमच्या चित्रावरून वादळाचा अंदाज बांधता येतो असा दावा मी करत नाही. इशारा हवामान खात्याचाच मानायचा. पण आपल्या डोक्यावर काय येऊन ठेपलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येणं, ही गोष्ट लहान नाही.

अँटेना आम्ही घरीच केली. जुन्या बाजारातून टीव्हीच्या मोडक्या अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या. १३७ मेगाहर्ट्‌झसाठी प्रत्येक नळी ५३.४ सेंटिमीटर. दोन नळ्या आडव्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, मधला कोन १२० अंशांचा, आणि व्हीचं तोंड उत्तर-दक्षिण रेषेत, कारण हे उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात. मध्ये विजेच्या कामातली साधी कनेक्टर पट्टी, तिथून केबल टीव्हीची तार खाली. बायकांना मापाचं काम नवं नसतं. आमच्यातल्या एकीने आयुष्यभर ब्लाउज शिवले आहेत. तिने पहिल्याच फटक्यात दोन्ही नळ्या सारख्या कापल्या.

इथे पहिला झगडा झाला. सोल्डरिंग करायला ती बसली. हात थरथरत होता, कथील गोळा होऊन पडत होतं. शेजारच्या मुलाने पाहिलं आणि "द्या मावशी, मी करतो" म्हणत हातातून हत्यार काढून घेतलं. अर्ध्या मिनिटात डाग देऊन मोकळा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तिनेही "बरं झालं बाई" म्हटलं. पण घरी जाताना ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी आम्ही बैठक घेतली आणि त्या मुलांनाही बसवलं. मी विचारलं, "सायकल शिकताना तुझ्या बहिणीच्या हातातून सायकल काढून घेऊन तू ती चालवून दाखवलीस, तर ती शिकेल का?" बराच वेळ चर्चा झाली. शेवटी नियम ठरला: जी शिकते आहे तिच्या हातात हत्यार, ज्याला येतं त्याने हात पाठीमागे बांधून तोंडाने सांगायचं. दिलेला डाग तिने काढला आणि स्वतः पुन्हा दिला. तो आजही ओबडधोबड आहे आणि टिकून आहे.

दुसरा झगडा वेळेचा. आम्ही ज्या उपग्रहावर नजर ठेवून होतो, तो नोआ-१९, पुण्यावरून सकाळी आठ-नऊच्या सुमारास आणि रात्री पुन्हा त्याच सुमारास जायचा. फार तर पंधरा मिनिटं दिसायचा. उपग्रह काही बाईच्या डब्याची वेळ पाहून येत नाही. सकाळी आठला पोळ्या, रात्री आठला पोळ्या. मुलांना वाटायचं, आमच्यात जिद्द कमी आहे. शेवटी मी फळ्यावर सहा जणींचा दिवस तासातासाने लिहिला आणि त्याखाली उपग्रहाच्या वेळा. मग कोणी काही बोललं नाही. आम्ही पाळ्या लावल्या. जिची पाळी तिचा डबा दुसरीने करायचा. दोघींच्या घरी नवरे पोळ्या लाटायला शिकले. एकीच्या घरी भांडण झालं आणि ती दीड महिना आली नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं सोपं होतं असं वाटेल.

तिसरा झगडा गच्चीच्या किल्लीचा. जागा चालवणाऱ्या मंडळींची काही हरकत नव्हती. पण इमारतीचे व्यवस्थापक म्हणाले, संध्याकाळनंतर बायकांनी गच्चीवर जायचं नाही, काही झालं तर जबाबदारी कोणाची? मुलगे रात्री दोन वाजताही वर बसायचे, त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्ही तिघी जाऊन बसलो, लेखी अर्ज दिला, जिन्यात आणि गच्चीवर दिवा लावून घेतला. किल्ली मिळायला पाच आठवडे गेले. आज ती आमच्या पाटीखाली टांगलेली असते.

एवढं करून पहिले तीन प्रयत्न वाया गेले. पडद्यावर नुसता मुरमुरा. त्या मुलीने आम्हाला एक-एक गोष्ट बंद करून पाहायला लावलं. लॅपटॉपचा चार्जर काढला, खरखर निम्मी झाली. स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवेही हवेत गोंगाट करतात, हे तेव्हा कळलं. अँटेना पाण्याच्या पंपापासून दूर नेली. तरी काहीतरी बाकी होतं. एफएम स्टेशनं इतकी जोरात असतात की बिचारी डबी त्यांनीच दिपून जाते, मग उपग्रहाचा बारीक आवाज तिला ऐकू येत नाही. लग्नघरात लाउडस्पीकर लावल्यावर शेजारणीचं बोलणं कळत नाही, तसं. त्यावर एक छोटी चाळणी मिळते, एफएमचा पट्टा अडवणारी. ती मध्ये जोडली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आठनंतर काटा १३७.१ वर ठेवून आम्ही बसलो होतो. आधी एक पुसट रेघ उमटली, मग घड्याळासारखी टिकटिक ऐकू येऊ लागली. उपग्रह जवळ येतो तसा त्याचा सूर किंचित चढा असतो आणि दूर जाताना उतरतो, आगगाडीच्या शिट्टीसारखा. सेकंदाला दोन ओळी अशा बेताने चित्र उतरायला लागलं. उत्तरेकडून. हिमालयाचा पांढरा पट्टा. मग बराच वेळ करडं मैदान. मग सौराष्ट्राचा फुगवटा दिसला आणि आमच्यातली एक ओरडली, "अगं, हे गुजरात!" त्याखाली कोकणची किनार सरळ रेघ ओढल्यासारखी. श्रीलंकेपर्यंत चित्र गेलं आणि पुन्हा मुरमुरा. आमच्यापैकी दोघींनी त्याआधी भारताचा नकाशा फक्त शाळेच्या भिंतीवर पाहिला होता. खोलीत कोणी चहा टाकला होता ते आठवत नाही. आम्ही टाकला नव्हता एवढं नक्की.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. केंद्र चालू झाल्यावर काही मुलांना हुरूप आला. एकाने सुचवलं, पोलिसांच्या वायरलेसवर काय बोलतात ते ऐकू. दुसरा म्हणाला, आसपासच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं पकडू, मजा येईल. "हवेतच तर आहे सगळं, आपण काही चोरतो थोडंच?" त्या दिवशी, जिच्या फोनसाठी आम्ही मुळात इथे आलो होतो, ती बाईही बसलेली होती. एरवी ती फार बोलत नसे. ती म्हणाली, "माझा नवरा पण हेच म्हणायचा. घरातच तर बोलतेस, मी ऐकलं तर काय झालं?"

खोली शांत झाली. कायदा आम्हाला आधीच माहीत होता. दुसऱ्याचं बोलणं बेकायदा टिपणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण नुसता कायदा सांगून जे पटलं नसतं ते तिच्या एका वाक्याने पटलं. ऐकणं आणि पाळत ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र तेच, हात तेच. फरक एवढाच, की बोलणाऱ्याने ते आपल्यासाठी बोललं होतं का? आम्ही फळ्यावर लिहिलं: "जे सर्वांसाठी पाठवलं आहे तेच इथे ऐकायचं." आकाशवाणी, सामुदायिक रेडिओ, हवामानाचे उपग्रह, विमानांची स्वतःहून सांगितलेली जागा, हौशी रेडिओवाल्यांच्या खुल्या हाका. बाकीचं नाही.

एकीने रास्त प्रश्न काढला, "उपग्रह वरून आपल्या घरांकडे बघतो, तो कोणाला विचारतो?" नोआच्या या चित्रात एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असतो, त्यात घर काय, गावही ओळखू येत नाही. पण घराचं अंगण मोजणारे उपग्रहही आहेत, आणि त्यांची चित्रं कोणाच्या हातात असतात हा प्रश्न उरतोच. तो आम्ही सोडवलेला नाही. फळ्यावर तसाच लिहून ठेवला आहे.

हवेतल्या लहरी कोणाच्या, हाही चळवळीचा प्रश्न आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात निकाल दिला की, हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायला मुभा मिळायला २००६ साल उजाडलं. आंध्रात, आताच्या तेलंगणात, झहीराबादजवळच्या दलित शेतकरी बायकांनी वर्षानुवर्षं वाट पाहून २००८ मध्ये 'संगम रेडिओ' सुरू केला. त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी भागात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली, तीही बायकांच्या पुढाकाराने. आणि आणखी मागे गेलं तर १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी साथीदारांसह जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होती. नोव्हेंबरात पोलिसांनी पकडलं. पुढे येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली सुटली. बाईचं आणि रेडिओचं नातं आपल्याकडे नवं नाही, आपल्याला ते कोणी सांगितलं नाही एवढंच. परदेशातही सोफी डायर आणि साशा एंगेलमान या दोघींनी २०२० मध्ये 'ओपन-वेदर' नावाचा उपक्रम सुरू केला. तो स्वतःला स्त्रीवादी म्हणवतो आणि अशाच घरगुती अँटेनांनी उपग्रहांची चित्रं उतरवायला शिकवतो. आम्ही एकट्या नाही हे कळल्यावर बळ आलं.

एक धक्का सांगून संपवते. आम्ही ज्यावर शिकलो तो नोआ-१९, आणि त्याचे सोबती १५ व १८, अमेरिकेने २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये बंद केले. म्हातारे झाले होते. पंधरा तर १९९८ पासून फिरत होता. ऑगस्टात आम्ही काटा १३७.१ वर ठेवून बसलो आणि काहीच आलं नाही. आमच्यातली एक म्हणाली, "आपण शिकायला आणि त्यांनी दुकान बंद करायला." चार दिवस उदास गेले. मग लक्षात आलं, बंद काय झालं? उपग्रह. आमचं शिकणं थोडंच बंद झालं? अँटेना तीच, डबी तीच, गच्ची तीच. रशियाचे मेटिओर-एम मालिकेतले उपग्रह १३७ च्याच पट्ट्यात चित्रं पाठवत होते, फक्त आकड्यांच्या वेगळ्या भाषेत. त्यासाठी 'सॅटडंप' नावाचा फुकट प्रोग्राम लागतो. तो लॅपटॉपवर चढवला आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या मैत्रिणीने. दोन मुलगे पाठीमागे हात बांधून उभे होते. चित्र आधीच्यापेक्षा स्पष्ट आलं, आणि दुसऱ्याच्या उपग्रहावर आपली भिस्त आहे हेही स्पष्ट झालं. म्हणून एकच रस्ता शिकून थांबायचं नाही.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर काय लागेल? एक डबी, एक जुना लॅपटॉप, दोन नळ्या, दहा मीटर केबल, जमल्यास एफएमची चाळणी. पाच-सहा हजारांत भागतं, लॅपटॉप कोणाचा मिळाला तर. ऐकायचंच आहे, पाठवायचं नाही, हे लक्षात ठेवा; पाठवायला परीक्षा आणि परवाना लागतो. सामानाहून अवघड तीन गोष्टी आहेत: गच्चीची किल्ली, आठवड्यातले दोन मोकळे तास, आणि हातातून हत्यार काढून न घेणारे सोबती. त्या बाजारात मिळत नाहीत. त्या मिळवायची सवय मात्र आपल्याला आहे, वर्षानुवर्षं आपण दुसरं काय करतो आहोत?

कापलेल्या नळ्यांची एक जादा जोडी मी सोबत आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या ओट्यावर बसते. ज्यांना जोडून पाहायचं आहे त्यांनी या. जोडणार तुम्ही. मी हात मागे बांधून सांगेन.